रोम, रूमा, रोमाबोर्ग : जर्मानिक भाषांमध्ये एका प्राचीन नगरीचे नाव

रविवारच्या मिस्सेत दुसऱ्या वाचनाच्या आरंभी आपण अनेकदा ऐकतो : संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातून घेतलेले वाचन. ‘रोमकर’ हा शब्द आपल्या कानांना इतका सरावला आहे की त्याच्याकडे आपले विशेष लक्ष जात नाही. पुण्याचा तो पुणेकर, नाशिकचा तो नाशिककर, वसईचा तो वसईकर. त्याच न्यायाने रोमचा तो रोमकर. दूरदेशीच्या एका नगरीच्या रहिवाशांना मराठी भाषेने आपला प्रत्यय लावून आपल्या पंक्तीला बसवले आहे.

याच नगरीचे नाव आपल्या स्वतःच्या ओळखीतही आहे. शाळेच्या दाखल्यावर, विवाहाच्या नोंदीत, शासकीय अर्जावर आपण ‘रोमन कॅथोलिक’ असे लिहितो. हा शब्द पाहून कधी कुणी विचारतो, ‘तुम्ही रोमचे, मग इथले कसे?’ आपल्या तरुण-तरुणींना या प्रश्नाला तोंड द्यावे लागते आणि पुष्कळदा उत्तर सुचत नाही. म्हणून या नावाचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले. त्यासाठी आम्ही युरोपच्या उत्तरेकडील जर्मानिक भाषांची निवड केली आहे. कारण त्या भाषा बोलणारे लोक प्रथम रोमचे शत्रू होते, पुढे रोमचे शिष्य झाले आणि त्यांतील अनेक जण नंतर रोमपासून दुरावले. या तिन्ही अवस्थांच्या खुणा त्यांच्या शब्दांत उमटल्या आहेत.

जर्मानिक भाषा कोणत्या?

मराठी ज्या विशाल इंडो-युरोपीय भाषाकुलातील आहे, त्याच कुलाची जर्मानिक ही एक शाखा. तिचे तीन गट मानले जातात. पूर्व गटातील गॉथिक भाषा आज कुणी बोलत नाही. उत्तर गटात आइसलँडिक, नॉर्वेजियन, स्वीडिश, डॅनिश या भाषा येतात. पश्चिम गटात इंग्रजी, जर्मन, डच, फ्रिजियन, लक्झेंबर्गी, आफ्रिकान्स व यिडिश यांचा समावेश होतो. या सर्व भाषांच्या पूर्वजांनी लॅटिनमधील ‘रोमा’ हे नाव ऐकले ते व्यापाऱ्यांकडून, सैनिकांकडून आणि नंतर धर्मप्रसारकांकडून. लॅटिन नावातील पहिला स्वर दीर्घ ‘ओ’ आहे, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

गॉथिक बायबलमधील ‘रूमा’

जर्मानिक भाषेतील सर्वांत जुना मोठा ग्रंथ म्हणजे चौथ्या शतकातील गॉथिक बायबल. वुल्फिला या महागुरूने ते भाषांतर केले. त्यासाठी त्याने मुख्यतः ग्रीक अक्षरांच्या आधारे नवी लिपीही तयार केली. वुल्फिला एरियसच्या मताकडे झुकलेला होता, त्यामुळे ख्रिस्तसभेच्या श्रद्धेशी त्याची शिकवण पूर्णतः जुळत नव्हती. तरीही एका भटक्या योद्धा जमातीच्या बोलीत देवशब्द आणण्याचे त्याचे कार्य भाषेच्या इतिहासात फार मोठे आहे. या बायबलमधील शुभवर्तमानांची सर्वांत प्रसिद्ध हस्तलिखित प्रत, रुपेरी अक्षरांत लिहिलेली, सहाव्या शतकातील असून ती स्वीडनमधील उप्साला येथे जतन केलेली आहे.

या भाषांतरात रोमचे नाव ‘रूमा’ असे येते. तिमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, रोममध्ये आपला कसून शोध घेणाऱ्या अनेसिफराची संत पौल कृतज्ञतेने आठवण काढतो (२ तिमथ्य १:१७). तेथे हे रूप आढळते. रोमच्या रहिवाशांना गॉथिक भाषेत ‘रूमोनीस’ म्हटले आहे.

हेच नाव घेणारे गॉथ लोक २४ ऑगस्ट ४१० रोजी आलारिकच्या नेतृत्वाखाली रोममध्ये शिरले आणि त्यांनी ती नगरी लुटली. त्या घटनेने सारे भूमध्य जग हादरले. संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ हा आपला महान ग्रंथ त्यानंतर लिहावयास घेतला. संत पेत्र व संत पौल यांच्या महामंदिरांत आश्रय घेतलेल्यांना गॉथांनी अभय दिले, याकडे त्यांनी वाचकांचे लक्ष वेधले आहे. ज्या जमातीने ‘रूमा’ लुटली, त्याच जमातीच्या बायबलमध्ये ‘रूमा’ हे पौलाच्या बंदिवासाचे आणि एका मित्राच्या निष्ठेचे ठिकाण होते.

‘ओ’चा ‘ऊ’ कसा झाला?

लॅटिन ‘रोमा’ची गॉथिकमध्ये ‘रूमा’ का झाली? प्राचीन उच्च जर्मन व प्राचीन सॅक्सन या भाषांतही ‘रूमा’ हेच रूप सापडते, म्हणजे ही एखाद्या लेखनिकाची चूक नव्हे. भाषाशास्त्रज्ञ सामान्यतः असे स्पष्टीकरण देतात की, हे नाव घेतले गेले त्या काळी जर्मानिक लोकांच्या तोंडी लॅटिनसारखा आवळ ‘ओ’ नव्हता. त्यांचा स्वतःचा ‘ओ’ अधिक उघडा, ‘ऑ’कडे झुकणारा होता. त्यामुळे लॅटिन ‘ओ’ त्यांच्या कानाला ‘ऊ’ला जवळचा वाटला. परका शब्द स्वीकारताना प्रत्येक भाषा आपल्याजवळच्या ध्वनींतून जवळचा ध्वनी निवडते. आपल्याकडेही कुणी ‘कॅथोलिक’ लिहितो, कुणी ‘कॅथलिक’. श्रद्धा मात्र एकच असते.

यावरून आणखी एक गोष्ट उघड होते. ‘रूमा’ हे रूप पुस्तकातून आलेले नाही, ते कानांनी ऐकून घेतलेले आहे. पुढे मठांतील शाळांमधून लॅटिनचे शिक्षण वाढले, तेव्हा जर्मन भाषेत मूळ ‘ओ’ परत आला आणि आजचे ‘रोम’ हे रूप स्थिर झाले. जुने ‘रूमा’ टिकले असते, तर ‘हूस’चे (घर) जसे आधुनिक जर्मनमध्ये ‘हाउस’ झाले, तसे या नावाचेही ‘राउम’सारखे काही झाले असते.

इंग्रजीची वाट वेगळी आहे. प्राचीन इंग्रजीत ‘रोम’ असा दीर्घ ‘ओ’ होता. पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीतील दीर्घ स्वर बदलू लागले. चंद्राचा ‘मोना’ पुढे ‘मून’ झाला, तसे ‘रोम’चे ‘रूम’ झाले. शेक्सपिअरच्या काळात नगरीचे नाव आणि ‘जागा’ या अर्थाचा ‘रूम’ हे दोन शब्द सारखेच ऐकू येत. ‘ज्युलियस सीझर’ नाटकाच्या पहिल्या अंकात कॅसियसच्या तोंडी यावरच एक श्लेष आहे. आजचा इंग्रजी उच्चार नंतर, लिखित रूपाच्या व लॅटिनच्या प्रभावाने, पुन्हा ‘ओ’कडे वळला.

तटबंदीची नगरी

सुमारे ८३० साली प्राचीन सॅक्सन भाषेत ‘हेलियांद’ नावाचे महाकाव्य रचले गेले. त्यात जवळजवळ ६००० ओळींमध्ये प्रभू येशूचे चरित्र सांगितले आहे. शार्लमेनने सॅक्सन लोकांना तलवारीच्या बळावर स्नानसंस्कार घ्यावयास लावले होते, त्या जखमेला तेव्हा दोन पिढ्याही लोटल्या नव्हत्या. ‘हेलियांद’च्या कवीने मात्र तलवार बाजूला ठेवून लोकांच्या शब्दांत प्रभूची कथा सांगितली. ख्रिस्तजन्माच्या वृत्तांतात सम्राटाचा हुकूम निघतो तो ‘रूमुबुर्ग’हून. नाझरेथही ‘नाझरेथबुर्ग’ होते. ‘बुर्ग’ म्हणजे तटबंदीचे ठाणे. आपल्याकडील ‘गड’ किंवा ‘कोट’ म्हणता येईल. संगमरवरी नगरे न पाहिलेल्या श्रोत्यांना नगर म्हणजे काय, हे ‘बुर्ग’ या शब्दातून चटकन समजे.

उत्तरेकडील नॉर्स भाषेतही हीच पद्धत दिसते. तेथे रोमला ‘रोम’ व ‘रूम’ या रूपांबरोबर ‘रोमाबोर्ग’ म्हणत. त्या भाषेने इतर पवित्र व थोर नगरांनाही आपली नावे दिली. कॉन्स्टंटिनोपल झाले ‘मिक्लागार्द’, म्हणजे मोठे नगर. जेरुसलेम झाले ‘योर्सालीर’. या नावाच्या शेवटी त्यांच्या भाषेतील ‘दालने’ या अर्थाचा शब्द ऐकू येतो. नॉर्वेचा राजा सिगुर्द पहिला ११०७ मध्ये पवित्र भूमीकडे निघाला आणि ‘जेरुसलेमचा यात्री’ याच बिरुदाने इतिहासात ओळखला गेला.

येथे भारतातील एक उदाहरण आठवते. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’त (११५०) लंकेच्या पश्चिमेला ‘रोमकपत्तन’ हे नगर सांगितले आहे. ते खगोलगणितातील एक संकेतस्थान आहे, आजच्या नकाशावरील रोमशी त्याची जागा जुळत नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात ज्या पाच सिद्धांतांचे सार दिले, त्यांतही ‘रोमकसिद्धांत’ आहे. कुणी ‘बुर्ग’ जोडले, कुणी ‘बोर्ग’, कुणी ‘पत्तन’. प्रत्येकाने त्या नावाला आपल्या भाषेचे नगर जोडले.

जे आपले ‘कर’, तेच त्यांचे ‘व्हेर्यार’

रहिवाशांच्या नावांत हे साम्य अधिकच जवळचे आहे. प्राचीन इंग्रजीत ‘वारे’ हा शब्दांश स्थळाच्या नावापुढे लावून तेथील लोक दाखवीत. केंटचे लोक ‘कांतवारे’, रोमचे लोक ‘रोमवारे’. नॉर्स भाषेत त्याच मुळाचे रूप ‘व्हेर्यार’ असे आहे, म्हणून रोमचे लोक ‘रोमव्हेर्यार’. आइसलँडच्या बायबलमध्ये आजही संत पौलाचे पत्र ‘रोमव्हेर्यार’ लोकांना लिहिलेले आहे. मराठीतील ‘रोमकर’ आणि आइसलँडिकमधील ‘रोमव्हेर्यार’ यांची घडण एकसारखी आहे. एकमेकींची गाठभेट न झालेल्या दोन भाषांनी पौलाच्या पत्राचे पहिले वाचक आपापल्या गावकऱ्यांसारखे मानले.

दक्षिणेची वाट

धर्मांतरानंतर रोमचा अर्थ बदलला. साम्राज्याची राजधानी मागे पडली आणि संत पेत्र व संत पौल यांच्या कबरींची नगरी पुढे आली. वेसेक्सचा राजा काडवाला राज्य सोडून रोमला गेला. ६८९ च्या ईस्टरला त्याने पोप पहिले सर्जियस यांच्याकडून स्नानसंस्कार घेतला, पेत्र हे नाव धारण केले आणि काही दिवसांतच, २० एप्रिल रोजी, देह ठेवला. त्याचा उत्तराधिकारी ईनी यानेही ७२६ मध्ये राज्यत्याग करून रोमची वाट धरली. विनफ्रिथ नावाचा इंग्रज मठवासी रोमला गेला आणि ७१९ मध्ये पोप दुसरे ग्रेगरी यांनी त्यास बोनिफास हे नाव देऊन जर्मन लोकांकडे पाठविले. तेच जर्मनीचे प्रेषित संत बोनिफास.

आइसलँडमध्ये तर नगरीचे नाव घेण्याचीही गरज उरली नाही. ‘दक्षिणेस जाणे’ एवढे म्हटले की रोमची यात्रा असा अर्थ होई. ग्रीनलँडकरांच्या सागेतील गुद्रीद ही स्त्री इ.स. १००० च्या सुमारास उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आली होती. उतारवयात ती ‘दक्षिणेस गेली’ आणि परतल्यावर व्रतस्थ झाली, असे सागा सांगते. बाराव्या शतकाच्या मध्यास निकुलास या आइसलँडिक मठाधिपतीने रोम व जेरुसलेमच्या यात्रेची मार्गदर्शिका तयार केली. तीत वाटेवरील गावे व त्यांमधील दिवसांचे अंतर दिले आहे.

या नात्याला पैशाचीही बाजू होती. इंग्लंडमध्ये प्रत्येक घरामागे संत पेत्राच्या आसनासाठी एक पेनी गोळा केली जाई. तिला लोक ‘रोमस्कॉट’ किंवा ‘रोमफेओ’ म्हणत. उत्तरेकडील देशांतही अशीच वर्गणी होती. १५३४ मध्ये इंग्लंडच्या संसदेने ती बंद केली. एकोणिसाव्या शतकात भाविकांनी स्वेच्छेने ती पुन्हा सुरू केली आणि १८७१ मध्ये पोप नववे पायस यांनी परिपत्रक काढून तिला मान्यता दिली. संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या सुमारास, म्हणजे २९ जूनच्या आगेमागे, आपल्या धर्मग्रामांत ‘पीटर्स पेन्स’साठी जे दान गोळा होते, त्याचे मूळ येथे आहे.

इंग्रजीत भटकणे या अर्थाचे ‘रोम’ असे उच्चारले जाणारे एक क्रियापद आहे. ते रोमच्या यात्रेकरूंवरून आले, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. भाषाशास्त्रज्ञ मात्र ती व्युत्पत्ती मान्य करीत नाहीत.

रोममध्ये राहून गेलेला शब्द

देवाणघेवाण एकाच बाजूने झाली नाही. व्हॅटिकनजवळ इंग्रज यात्रेकरूंची एक वसाहत होती. तिला ते आपल्या भाषेत ‘बुर्ह’ म्हणत. पोप पहिले पास्कल (८१७ ते ८२४) यांच्या लॅटिन चरित्रात त्या वस्तीला लागलेल्या आगीचे वर्णन आहे आणि त्या लोकांच्या भाषेत वस्तीला ‘बुर्गुस’ म्हणतात, अशी नोंदही आहे. व्हॅटिकन आणि सांत आंजेलोचा किल्ला यांच्या मधला भाग आजही ‘बोर्गो’ या नावाने ओळखला जातो. ८४७ मध्ये तेथे लागलेल्या आगीचे राफाएलच्या चित्रशाळेत रंगविलेले भित्तिचित्र व्हॅटिकनमध्ये आहे.

त्याच भागात ‘सांतो स्पिरितो इन सासिया’ हे मंदिर आहे. ‘सासिया’ म्हणजे सॅक्सनांची जागा. १९९४ मध्ये हे मंदिर रोममधील दैवी दयेच्या भक्तीचे केंद्र म्हणून घोषित झाले. संत फाउस्तिना यांच्या दैवी दयेच्या प्रार्थनामाळेशी आपले अनेक वाचक परिचित आहेत. रोमच्या यात्रेत या मंदिरात गुडघे टेकताना, ज्यांच्या पूर्वजांना रोमन लोक रानटी म्हणत, त्यांचे नाव या वास्तूने जपले आहे, हे आठवावे.

नाव जेव्हा वादाचे झाले

सोळाव्या शतकात पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत फूट पडली आणि जर्मानिक भाषांमध्ये ‘रोम’ हा शब्द कडवट झाला. इंग्रजीत नगरीच्या नावावरून कॅथोलिकांना हिणवणारी विशेषणे तयार झाली. डच भाषेने तर दोन विशेषणे वेगळी केली. प्राचीन रोमसंबंधी ते ‘रोमाइन्स’ आणि कॅथोलिक श्रद्धेसंबंधी ते ‘रोम्स’. डच कॅथोलिकांनी हा दुसरा शब्द पुढे अभिमानाने वापरला. १९६० च्या दशकापूर्वीच्या आपल्या भरभराटीच्या धर्मजीवनाचे वर्णन ते त्याच शब्दाने करतात. अति कर्मठ माणसाला ‘पोपपेक्षाही अधिक रोम्स’ म्हणण्याची थट्टेची पद्धतही त्या भाषेत आहे. ऑस्ट्रियात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘रोमपासून दूर’ या घोषणेने एक राजकीय चळवळ उभी राहिली. कॅथोलिक असणे म्हणजे पुरेसे जर्मन नसणे, असा तिचा रोख होता. आज आपल्याला ऐकू येणारा प्रश्न नवा नाही.

या कडवटपणाची किंमत माणसांनी मोजली. थॉमस स्टीफन्स हा विल्टशायरमधील तरुण आणि त्याचा मित्र थॉमस पाउंड यांनी येशूसंघात प्रवेश घेण्यासाठी एकत्र रोमला जाण्याचा बेत केला होता. पाउंड पकडला गेला आणि त्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटाच रोमला पोहोचला, १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरला. तेच आपले फादर स्टीफन्स. १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. ज्यांच्या मायदेशात रोमचे नाव घेणे धोक्याचे झाले होते, त्या इंग्रज धर्मगुरूने रोमच्या वाटेने येऊन मराठीला आपली भाषा मानले.  ‘रोमन’ असणे आणि मराठी असणे यांत विरोध नाही, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आजची रूपे

आज जर्मन, डॅनिश व स्वीडिशमध्ये ‘रोम’, नॉर्वेजियनमध्ये ‘रोमा’, आइसलँडिकमध्ये ‘रोम’, लक्झेंबर्गीमध्ये ‘रोउम’ आणि यिडिशमध्ये ‘रॉइम’ अशी रूपे आहेत. डच, फ्रिजियन व आफ्रिकान्समध्ये इंग्रजीसारखेच लिहितात, पण शेवटचा स्वर उच्चारतात. नॉर्वेजियन व स्वीडिशमध्ये लिहिलेला ‘ओ’ उच्चारात आजही ‘उ’कडे झुकतो. हा त्या भाषांतील नंतरचा स्वरबदल आहे, गॉथिक ‘रूमा’चा वारसा नव्हे.

आपल्या नावातील ‘रोमन’

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ख्रिस्तसभेने या शब्दाचे स्थान काळजीपूर्वक ठरविले आहे. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेत श्रद्धेविषयीच्या संविधानाचा आरंभ ‘पवित्र रोमन कॅथोलिक ख्रिस्तसभा’ अशा शब्दांनी व्हावयाचा होता. इंग्लंडच्या महागुरूंनी हरकत घेतली. या शब्दक्रमामुळे रोमन ही कॅथोलिक ख्रिस्तसभेची अनेक शाखांपैकी एक शाखा आहे, असा अर्थ लावला जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. अंतिम मसुद्यात ‘पवित्र, कॅथोलिक, प्रेषितीय, रोमन ख्रिस्तसभा’ असा क्रम आला. ‘कॅथोलिक’ म्हणजे वैश्विक, हे आधी. ‘रोमन’ म्हणजे पेत्राच्या आसनाशी ऐक्य, हे नंतर.

म्हणून ‘रोमन’ हे आपले राष्ट्रीयत्व नाही आणि आपली संस्कृतीही नाही. आपण लॅटिन उपासनापरंपरेचे आहोत, पण सर्व कॅथोलिक तसे नाहीत. महाराष्ट्रातच १९८८ साली कल्याण येथे सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला. ते बांधव पूर्वेकडील परंपरेने उपासना करतात आणि तरीही आपल्याइतकेच पोप महोदयांशी एकरूप आहेत. ज्या रोमकरांस पत्राच्या अर्थावरून सोळाव्या शतकात मोठा वाद पेटला, त्यातील नीतिमान ठरण्याच्या शिकवणीविषयी कॅथोलिक ख्रिस्तसभा आणि लुथरन मंडळ्यांच्या जागतिक संघाने ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणेवर स्वाक्षऱ्या केल्या. नावाभोवतीचे वैर ओसरू शकते, हे त्या दिवशी दिसले.

तेव्हा कुणी विचारले, ‘तुम्ही रोमचे, मग इथले कसे?’, तर आपल्या मुलामुलींनी न रागावता सांगावे : गॉथांनी ते नाव आपल्या कानाने ऐकले, सॅक्सनांनी त्याला आपला गड जोडला, आइसलँडच्या लोकांनी आपला प्रत्यय लावला, आणि कुणीही त्यामुळे रोमचे नागरिक झाले नाही. आम्हीही ‘रोमकर’ हा शब्द मराठीतच वाचतो, मराठीतच प्रार्थना करतो आणि पेत्राच्या उत्तराधिकाऱ्याशी श्रद्धेने जोडलेले आहोत. पौलाने ते पत्र रोममधील ज्या छोट्या मंडळीला लिहिले, तिच्यातही यहुदी होते, ग्रीक होते आणि दूरदूरचे लोक होते. त्या पत्राच्या अखेरच्या अध्यायात तो त्यांना एकेकाचे नाव घेऊन सलाम पाठवतो. पुढच्या वेळी रोमकरांस पत्राचे वाचन ऐकल्यावर घरी तो सोळावा अध्याय कुटुंबासह अवश्य वाचावा, एवढीच वाचकांना विनंती.